निळा तळ

पिंप्राळ्याचा सुतार माप ऐकून म्हणाला होता,
"ताई, कोंबड्या पाळताय का?"
हातभर रुंद, दीड हात लांब, चार बोटं खोल,
आणि आतून निळा रंग.
निळा कशाला, तर वाळू बाजूला सारली
की खाली पाणी दिसावं.
तो हसला. जळगावात मे महिना होता.

वाळू समोरच्या बांधकामावरची, दोन घमेली.
तीनदा धुतली, चाळली, गच्चीत वाळवली.
एक शिंपला निघाला, तो फळीवर ठेवला:
तिथे पोळ्याचे मातीचे बैल, एका पायाचा पोलीस,
सीताफळाच्या बिया, भुसावळ यार्डातला नट,
लाल ट्रॅक्टर.

हर्षाली, वय नऊ.
भाऊ गेल्यापासून बोलत नाही, एवढंच कागदावर.
पहिल्या मंगळवारी नुसता हात ठेवला.
मग दोन मंगळवार वाळू थापत राहिली,
कळण्याची भाकरी थापावी तशी.
चौथ्यांदा एक बैल पुरला.
उकरला.
पुरला.

मी काही विचारत नाही.
हे शिकून आलेय, पण अंगात मुरलेलं नाही,
म्हणून जीभ दातांखाली धरते.

सातव्या वेळी ती खणू लागली,
बोट निळ्याला लागेपर्यंत.
काठावर ट्रॅक्टर ठेवला, की कड ढासळली.
पुन्हा. पुन्हा ढासळली.
कोरडी वाळू कुणाचं ऐकत नाही.
तिने माझा पाण्याचा तांब्या उचलला
आणि सगळा ओतला.
मग कड उभी राहिली.
ट्रॅक्टरही.
बैल आत, शिंगांपर्यंत.

न्यायला आलेले हिलाल आप्पा, तिचे काका,
दारातून आत आले. येऊ द्यायचं नसतं.
चिमूटभर वाळू उचलली, बोटांत चोळली,
वास घेतला.
"हाई ते गिरनानी रेती शे."
मला हे कधी सुचलंच नव्हतं.
तीनदा धुऊनही.

ते ट्रॅक्टरकडे बघत राहिले.
"रातनी फेरीना आठशे भेटेत," म्हणाले,
मला नाही, भिंतीला.
मग हात पुढे केला,
तो लाल ट्रॅक्टर काठावरून उचलायला.

हर्षालीने मनगट धरलं.
"ऱ्हाऊ दे."

सात महिन्यांनी दोन शब्द,
जरा घोगरे, बंद घराच्या कडीसारखे.
आप्पा खालीच बसले, फरशीवर.
ती उभी राहिली, मनगट न सोडता.

नियम असा, की मूल गेलं की फोटो काढायचा
आणि वाळू सारखी करायची.
फोटो काढला.

सकाळी पाहिलं: वाळू वाळली होती,
कड रात्रीच कधीतरी खड्ड्यात उतरलेली,
ट्रॅक्टर नाकावर, बैल दिसत नव्हता.
रुपयाएवढं निळं तेवढं उघडं.
समोर नवी वाळू पडत होती.
आणणाऱ्या ट्रॅक्टरला नंबर नव्हता.
मी तांब्या भरून ठेवला. मंगळवार
अजून पाच दिवसांवर होता.