शिरेला जीभ नसते

तिसरा मजला. खाली तळलेल्या कोंबडीचं दुकान.
सोलमध्ये रात्रीचे नऊ.
सहा खुर्च्या, पाच पिवळ्या पिशव्या लटकलेल्या,
सहाव्या खुर्चीत ग्योंग-सू, डिलिव्हरीवाला,
हेल्मेट मांडीवर.

"ते लसणाचं द्या," म्हणतो,
"उद्या सुट्टी नाही."
त्यात लसूण नसतोच.
जीवनसत्त्व शिरेत शिरलं
की नाकात तसा वास चढतो,
माणसाला वाटतं, ताकद आली.

डॉक्टर ह्वांगांची सही आधीच झालेली.
तरी मी विचारते: मूत्रपिंडं? हृदय? गोळ्या कुठल्या?
तो नाहीवर नाही ठोकतो,
पार्सलवर शिक्के मारावेत तसा.
पण बुटांच्या नाड्या सोडलेल्या.
मोजा खाली सारून घोट्यावर बोट दाबते.
बोट उचललं,
खळगा तिथेच.

तोंडाने प्यालात तर
जीभ चौकशी करते, घसा अडवतो,
नकोसं झालं तर पोट उलटून टाकतं.
शिरेला जीभ नसते.
द्याल ते ती मुकाट हृदयापर्यंत पोचवते,
आत काय आहे न विचारता,
जिने चढून,
अगदी तुझ्यासारखी, ग्योंग-सू.

हे शेवटचं मी बोलले नाही.
पैसे परत केले, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.
तो चिडला. चिठ्ठी मात्र घेतली.

खिडकीतून दिसतं:
समोर चौथ्या मजल्यावर
असलीच एक पाटी पेटलेली.
तो सिग्नलला उभा,
हेल्मेट अजून हातातच.