डावी बाजू जड

नव्या पेठेत जिन्याखालच्या गाळ्यात
गौसभाईनं काचेवर पेपर अंथरला
आणि एकेक मांडत गेला:
कीबोर्ड, माऊस, दोन गेमपॅड, एक जॉयस्टिक.
वर टांगलेलं स्टिअरिंग काढायला स्टूल लागलं.
"हात लावून बघ बे," म्हणाला,
"चप्पल काय पायात न घालता घेतो का?"

खिशात बोनस होता.
आठ महिन्यांचा विचार होता, तो जास्त जड.

जॉयस्टिक एस.टी.च्या गिअरसारखी,
विमानं उडवायला म्हणे.
होटगी रोडचं विमान मी गच्चीतनं बघतो,
तेवढं पुरे.
स्टिअरिंगला टेबल पाहिजे.
आमच्या घरात टेबल म्हणजे शिलाई मशीन,
आणि ते वहिनीचं.

चार वर्षं मी मोबाईलच्या काचेवर खेळलो.
काचेला काठ नसतो;
अंगठा कुठं संपला, गाडी कुठं सुरू झाली, कळत नाही.
मे महिन्यात तर बोटाखाली घाम,
घामाखाली रस्ता.
सोलापूरच्या उन्हानं
मला किती वेळा दरीत ढकललंय.

"नेम धरायचा तर माऊस," गौसभाई म्हणाला.
"पळायचं तर पॅड. भांडायचं तर काही पण."

कीबोर्डचं मला ठाऊक होतं.
ऑफिसातनं टाकून दिलेला एक घरी आहे,
'डी'चं बटण उडालेलं,
खाली नुसती रबराची गोळी.
अक्कानं एकदा विड्यांचं सूप बाजूला सारलं,
बोटांची तंबाखू पदराला पुसली
आणि तीच गोळी दाबत मला तीनदा हरवलं.
एकदाही खाली बघितलं नाही.
पान, चिमूट, वळ, दोरा
असं बारा वर्षं चाललंय, तिला काय चार बटणांचं?
चौथ्यांदा खेळ म्हटलं तर म्हणाली,
"तुझ्या गाडीचे पैसे कोण देतंय?
माझे अजून सहाशे राहिलेत."

शेवटी पॅड आणलं. दोन दिवसांच्या बोलीवर.

नायना खाटेवर बसलेले.
अठ्ठावीस वर्षं यंत्रमागावर,
कान तिथंच राहिले, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
माझा खेळ ते बघतात
रस्त्यावरनं परक्याची वरात बघावी तसा.
मी पाणी प्यायला उठलो,
पॅड त्यांच्या हातात दिलं, धरा म्हणून.

गाडी कठड्याला धडकली.

त्यांनी पॅड टाकलं नाही.
डोळे पडद्यावरनं काढले,
तळहात खाली सरकवला, दाबून धरला.
हे मी बघितलंय, लहानपणी, डबा द्यायला गेल्यावर:
मागाच्या लोखंडावर असाच हात ठेवून
धोटा कुठं अडतोय ते सांगायचे,
मिस्त्री यायच्या आधी.

मग त्यांनी गाडी पुन्हा ठोकली. मुद्दाम.
मग भिंतीला. मग ट्रकला.
शर्यतीत अकरा गाड्या पुढं निघून गेल्या,
नायना एकाच कठड्याशी
पुढं-मागं, पुढं-मागं,
तोंडावर पगाराच्या दिवसाचं हसू.

थांबले. आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात
तसं, अख्ख्या चाळीला सांगितलं:
"डावी बाजू जड चालायली रे.
बेअरिंग बघ."

गौसभाईला फोन केला. तो म्हणाला,
डाव्या मुठीत मोठं वजन असतंय, उजव्यात बारकं,
तसंच बनवून येतंय, बिघाड नाही.
म्हणजे नायनांचं बरोबर होतं,
आणि चूकही.

हे हातवाऱ्यांनी कसं सांगायचं?
एक मूठ मोठी केली, एक लहान,
मान हलवली, ठीक आहे, ठीक आहे.
त्यांनी माझ्याकडं
नव्या कामगाराकडं बघतात तसं बघितलं.

पैसे देऊन टाकलेत. पॅड परत जात नाही.
आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत,
अक्का दोरा तोडतीय,
आणि नायना खाटेखालनं
पान्यांची पिशवी ओढून बसलेत.