आमद

सरवटे बसस्टँडच्या मागे, ठाण्यासमोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
बाहेरगावचे पोलीस आधी ठाण्यात आमद लिहितात,
मग माझ्याकडे येतात, तीन-तीन प्रतींसाठी.
म्हणून मला गाड्या दिसतात.

बाडमेरची जीप, बॉनेटवर वाळू, आरशाला टांगलेली छागल.
खम्ममची बोलेरो, तिच्या दारावरची गोल गोल अक्षरं
मी अर्धा तास नुसती पाहत बसलो.
एकदा तर सिलचरची. चार दिवस चालवत आणली, म्हणाले.
ड्रायव्हर तोंड धुऊन फुटपाथवरच झोपला.

वहीत लिहून ठेवतो. नंबर, जिल्हा, तारीख, कशासाठी.
बायको विचारते, सरकार पगार देतं का याचा?

हद्द सुटलेली पोलीसगाडी बघावी एकदा.
सायरन मुका. वायरलेस नुसता खरखरतो.
दिव्यावर टॉवेल.
पार्किंगवाल्या बबलूला वीस रुपये देते, पावती घेते,
आणि मागे घ्या म्हटलं की
मुकाट्यानं मागे घेते.

सोमवारी एमएच अडतीस. हिंगोली.
इथल्या गाड्यांवर ‘पुलिस’ असतं. हिच्या दारावर ‘पोलीस’.
एक ओकार, एक दीर्घ वेलांटी,
आणि मी शटर अर्धं टाकून रस्त्यावर.

हवालदार इंगोले हिंदीची जुळवाजुळव करत होते,
“भैया, ये कागद का... वो...”
“किती प्रती हव्यात?”
ते असे हसले, जसं वर्षभरात मला बघून कुणी हसलं नव्हतं.
“तुम्ही आपले? इथं?”
“पाच पिढ्या.”
आमद कुणी लिहिली नाही. तेव्हा ठाणंच नव्हतं.

मागच्या सीटवर पोरगा, विशी-बाविशीचा,
मनगटांवर गमछा.
कागदावर पवन चौकसे, राहणार नंदानगर.
“ह्यानं,” इंगोले म्हणाले, “आमच्याकडं एकोणीस जणांना फोन केले.
बँकेतून बोलतोय म्हणून.
इतकं गोड मराठी, की वसमतच्या एका गुरुजींनी
ओटीपी सांगून वर आशीर्वाद दिला.”

मशीनचा हिरवा दिवा सरकत होता.
माझा मुलगा म्हणतो, पप्पा, सीधा बोलो ना.
दिवसभरात माझं मराठी
नोटा मोजताना, तेही ओठांच्या आत.
आणि हा पोरगा पावणेपाचशे किलोमीटरवर
वाक्यं पाठवत होता, ती पोचत होती,
त्यांच्या मागावर गाडी आली होती.

चहा द्यायला गेलो. “कुठे शिकलास?”
“शेवडे बाईंकडे डबा पोचवायचो, रामबागेत.
त्यांना कुणी ऐकणारं नव्हतं.”
मग जरा थांबून, “चुका फार काढायच्या.”

एकही चूक नव्हती.
मला लाज वाटली,
आणि लाजेच्या आत कुठेतरी
सांगू नये इतकं बरं वाटलं.
गुरुजींचे एकेचाळीस हजार गेले होते.
ते कागदावर होतं. तीनदा मीच छापलं.

इंगोलेंना रस्ता सांगितला. सिमरोळचा घाट, बडवाह, खंडवा,
बुऱ्हाणपूर सुटलं की पाट्या ओळखीच्या लागतील.
“जातो मग,” ते म्हणाले.
काच अर्धी वर गेली होती. मागच्या सीटवरून
आवाज आला, “येतो, काका.”

जाणाऱ्याने काय म्हणायचं असतं
तेही बाईंनीच सांगितलं असणार.

बबलूने पावतीपुस्तक मिटलं.
“आपवाले थे क्या, अंकल?”
वहीतला शेवटचा रकाना अजून कोरा होता.
“कौन-सा वाला?” मी विचारलं.