शांत हवेची नोंद

ऑर्कनीच्या उत्तर टोकाचं हे बेट.
माणसं एक्क्याण्णव, मेंढ्या कुणी मोजत नाही.
मी मेरन फूबिस्टर, अकरा वर्षं खजिनदार,
म्हणजे शाळेच्या हॉलमधलं लोखंडी कपाट
आणि त्याची किल्ली हरवू न देणं.

समुद्राखालून केबल टाकणं परवडत नाही
असं पत्र आलं मुख्य भूमीवरून, छान जाड कागदावर.
त्यांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं.
आम्ही म्हटलं, ठीक आहे,
वारा तर वारा.

वारा फुकट. हे वाक्य सभेत सातदा म्हटलं गेलं.
त्यापुढचं सगळं विकत:
पाया, काँक्रीट, एडिनबरोचा वकील,
लाटांमुळे दोनदा परत गेलेल्या बार्जचं दोनदा भाडं,
पातं उतरवताना धक्क्याचा कोपरा तुटला, तो.
मॅन्सी ड्रेव्हरने होडी विकून पदरमोड केली,
पावती नको म्हणाला.
मी फाडलीच.
ती तो चहाच्या डब्यात ठेवतो, असं त्याची बायको सांगते.

मतदान: बाजूने चव्वेचाळीस, विरोधात नऊ.
त्या नऊ जणांत सिगर्ड लिंकलेटर. टेकडी त्याचीच हवी होती.
चव्वेचाळिसांत त्याचा सख्खा भाऊ.
टेकडीचं भाडं दर तिमाहीला जातं,
सिगर्ड चेक वटवतो,
भावाशी बोलत नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू, असं लेखापरीक्षकाला विचारलं मी.
तो हसला. त्याला वाटलं, गंमत करतेय.

घरटी पाच किलोवॅट.
किटली लावली तर ओव्हन थांबवायचा,
धक्क्यावरचा लाल दिवा लागला तर दोन्ही.
मुलगी नाताळाला ग्लासगोहून येते,
केस वाळवताना फ्यूज घालवते
आणि ओल्या केसांनी जिन्यात बसून विचारते,
आई, हेच ना ते स्वातंत्र्य?
हो म्हणते मी. मोजून वापरायचं.

फेब्रुवारीत नऊ दिवस हवा पडली.
पडली म्हणजे कुंपणात अडकलेली लोकरसुद्धा हलेना.
बॅटऱ्या सतरा टक्क्यांवर,
आणि एफी रेंडालच्या नवऱ्याचं
ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस चालू.
सभा कुणी बोलावली नाही.
मी खिडकीतून पाहत होते:
आधी शाळा, मग ड्रेव्हर, मग पाळकाचं घर,
एकेक पिवळा चौकोन विझत गेला.
टेकडीखाली सिगर्डचाही.
त्याच्या भावाचा आधी की नंतर,
ते पाहायचं राहिलं. मी माझा दिवा घालवायला उठले होते.

दहाव्या दिवशी पहाटे वर काहीतरी करकरलं.
त्या आवाजाने सगळे खूश,
एकटा तंत्रज्ञ सोडून.
गिअरबॉक्स, तो म्हणाला,
आणि आकडा सांगितला.
मी वही उघडली, आकडा पेन्सिलने लिहिला,
हॉलचा हीटर बंद केला
आणि कोट घालून बेरीज करत बसले.