दोन पानं

बेचाळीस पानं झाली होती.
शितोळे सरांनी ती उघडली नाहीत.
तळहातावर तोलून पाहिली, कोबीचा गड्डा तोलावा तशी,
आणि म्हणाले, मॅडम हे जिना चढताना वाचणार.
पायऱ्या मोजून ये.

मी खरंच गेले.
अडतीस पायऱ्या, मध्ये एक वळण,
वळणावर कोपरा लाल झालेला.
तिथे फोन वाजतो म्हणे हमखास.
म्हणजे मागणी वळणाच्या आधी हवी.

मी सुरुवात केली होती तिघरा धरणापासून,
कोणी बांधलं, केव्हा, किती घनफूट.
सरांनी रेघ मारली:
तहानलेल्याला विहिरीची कुळकथा सांगू नये.

मग लिहिलं, लश्करात पाणी अपुरं आहे.
त्यांनी विचारलं, बरं. सही कशावर करायची?

दोन दिवस मी त्या प्रश्नाशेजारी बसून होते.

तिसऱ्या दिवशी जनकगंजच्या टाकीवर
रामसनेही कुशवाहने खिशातून काढली
विमा कंपनीची जुनी डायरी,
बिडीचा वास, कोपरे मऊ झालेले.
व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ, रोजची, अकरा वर्षांची.
तीन चाळीस. सव्वादोन. चार पाच.
कोणी मागितली नव्हती. तो लिहीत होता.

पाणी कमी आहे यावर कोण सही करणार?
वेळ ठरवा, यावर करता येते.

टिप्पणी हिंदीत जायची.
खाडाखोड मात्र मी मराठीत करत गेले,
समासात: हे नको. हे कशाला. इथे रडू नकोस.
पाचातल्या तीन रात्री पहाटे चारच्या आत,
हे वाक्य राहिलं.
एकच आकृती, काळीपांढरी,
कारण ऑफिसचा प्रिंटर रंगांना तयार नाही.
नव्या नळांचा खर्च लिहिला,
आणि काहीच न करण्याचाही लिहिला,
तो कोणी लिहीत नाही.
दाब कमी होईल, असं अभियंते म्हणतील,
तेही मीच आधी लिहून टाकलं.
भाजी खारट झालीय हे पाहुण्याला
पहिल्या घासाआधी सांगावं.

गेंदाबाई जाटव म्हणाली होती,
पानी तो आउत है, नींद नईं आउत।
ते चौकटीत ठेवलं. सर काही बोलले नाहीत.
उरलेली चाळीस पानं परिशिष्ट झाली,
म्हणजे माळ्यावर गेली.

त्या दिवशी मी जिन्याखाली उभी होते.
वळणावर फोन वाजलाच.
कागदाची घडी झाली, पर्समध्ये गेली.

नऊ दिवसांनी परत आला.
हिरव्या शाईत कुठे शाबासकी नाही, नकारही नाही.
खर्चाच्या ओळीखाली फक्त एक प्रश्न:
घड़ियाँ दो क्यों?

याचं उत्तर माझ्याकडे होतं.
एकोणतिसाव्या पानावर, मीच काढून टाकलेलं.
एक टाकीवर, रामसनेहीच्या डोक्यावर,
दुसरी गल्लीत, गेंदाबाईच्या दारासमोर,
म्हणजे एकीला खोटं बोलायचं झालं
तर दुसरीची परवानगी लागेल.

ओळ घातली. मजकूर तिसऱ्या पानावर घसरला.
शोधत बसले, आता काय काढू.
तिघरा शब्दाआधी अजून एक 'ऐतिहासिक' शिल्लक होता,
सरांच्या रेघेतून सुटलेला.