टाचण

घर नाही. घराचा डाग आहे:
पिवळ्या मातीत काळपट गोल,
जिथं ओकचे खांब उभ्या उभ्या कुजले.
असे एकोणीस गोल सापडले
आणि इथं मॅनर हाउस होतं असं ठरलं.
शंभर पावलांवर पॅटक्सेंट नदी,
गढूळ, घाई नसलेली.

दोऱ्या ताणून चौकोन आखलेत.
"तुम्ही आत्ता जेवणघरात उभ्या आहात,"
डॉक्टर हॅलोरन म्हणतात,
आणि व्हर्लीन गँट चटकन एक पाऊल मागे घेते.
मग स्वतःलाच हसते.

वर्षभर ती शाळेची बस चालवते,
उन्हाळ्यात इथं माती चाळते.
चाळणीत उरतो शिंपल्यांचा चुरा,
निळ्या चिनीमातीचा टवका,
चिलमींच्या नळ्यांचे तुकडे,
वर्ग सुटल्यावर फळ्याखाली पडलेल्या
खडूंसारखे.
आणि टाचण्या. किती टाचण्या!
पितळी, हिरवट, लाकडी जमिनीच्या फटींतून
कुणाच्या तरी शिवणातून निसटलेल्या.

मालक वारला तेव्हाची यादी आहे,
सतराशे बेचाळीसची.
चमचे मोजलेत. मेणबत्त्यांची थोटकंसुद्धा.
घोडी, एका डोळ्यानं आंधळी, सहा पौंड.
घोडीच्या खाली पाच माणसं,
शेवटी "डायनाचं पोर", नाव नाही,
दोन पौंड.
टाचण्या तेवढ्या कुणी मोजल्या नाहीत.

आज दुपारी एक वाकडी निघाली.
डॉक्टरांनी पिशवीवर लिहिलं:
टाचणी, पितळी, वाकलेली.
व्हर्लीन म्हणाली,
वाकलेली नाही. वाकवलेली.

अमोसमामानं तिला सहाव्या वर्षी
अस्साच गळ करून दिला होता,
टाचणी दाढेत धरून, मग दगडावर ठोकून.
"याला काटा नसतो, पोरी.
दोरी सैल सोडलीस की मासा गेला."
तिनं सोडली होती. गेला होता.

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग "वाकलेली"च्या मध्ये, वरच्या बाजूला,
एक बारीक "व" घातला
आणि पुढे प्रश्नचिन्ह.

पाच वाजता ताडपत्री ओढली,
चार कोपऱ्यांवर चार विटा.
सगळे गाड्यांकडे गेले.
व्हर्लीन जेवणघराच्या मधोमध आली,
तिथून नदीकडे निघाली, पावलं मोजत:
शंभर, बरोबर.

परत येऊन पुन्हा निघाली.
या खेपेला पावलं लहान टाकली,
मूठ मिटलेली,
अधूनमधून मागे बघत.
एकशे ऐंशी भरली.