तिसरा पेड

ओडेन्सेत फेब्रुवारीत आठ वाजले तरी
उजाडायचं की नाही, हे ठरलेलं नसतं.
टॉर्किल सायकल भिंतीला टेकवतो,
ओले हातमोजे रेडिएटरवर टाकतो, विचारतो,
"रात्री सुटला?"
सुटला. एकोणीस अंशांवर.
म्हणजे या खोलीतसुद्धा तो टिकला नसता.

दोघांचा पीळ जुना. त्यांच्या मध्ये कुणी यायचं नाही.
तिसऱ्याने बाहेरून, रुंद खाचेत
अंग चोरून बसायचं,
कुणाचा हात न सोडवता
मोकळ्या राहिलेल्या बोटाला बोट लावायचं.
पंधरा अक्षरं, एवढाच त्याचा जीव.
आंबट पाण्यात बसतो मुकाट.
पण रक्त आंबट नसतं.
तिथे त्याची सायटोसिनं मुठीतला प्रोटॉन सोडतात
आणि तिघांचे फॉस्फेट एकमेकांना ढकलत राहतात.
तीन तिघाडा.

म्हणून आम्ही त्याला घडवतो:
साखरेच्या कड्यात एक पूल, ती फार लवू नये म्हणून,
सायटोसिनवर एक मिथिल,
आणि अमाइनचा आखूड हात, धन भाराचा,
समोरचा ऋण राग निवावा म्हणून.
यंत्र रात्रभर आरगॉन फुसफुसतं.
सकाळी अमोनियाने डोळे चुरचुरतात.

क्युव्हेट तापत जाते, मिनिटाला अर्धा अंश.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात;
इथे सुंभ शाबूत राहतो, पीळच जातो,
आधी तिसरा उठतो,
मग बरंच वर, ते दोघं.

गुरुवारी तिसरा उठला अठ्ठेचाळीसला!
टॉर्किलने काळ्या पावाचा घास तसाच हातात धरला.
रॅग्नहिल्ड चष्मा पुसत म्हणाली,
"आणि चुकीच्या जोडीवर?"
एक अक्षर बदललेली जोडी घातली.
सत्तेचाळीस.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
जो कुणालाही चिकटतो,
त्याला निरोप देऊन पाठवायचं तरी कुणाकडे?

मग हात कापले. सगळे नाही,
दर तिसऱ्या अक्षरावर एकच ठेवला.

टॉर्किल रोज सकाळी लेकीची वेणी घालतो,
योर्डिस हलते, एक पेड निसटतो, पुन्हा पहिल्यापासून.
मी म्हटलं, तुला तर हे सोपं जायला हवं.
"छे," तो म्हणाला, "वेणीत तिघं जागा बदलत राहतात.
हा एकदा बसला की तिथेच."

खऱ्या जोडीवर एक्केचाळीस. चुकीच्यावर तेवीस.
अंगाचं तापमान सदतीस.
त्याने आकडे पेन्सिलीने लिहिले,
शाई वापरली नाही,
आणि अजून ओलेच असलेले हातमोजे चढवले.